गाळणीतला थेंब

सोमवार, ६ जानेवारी २०२५

ही डायरी मोनिकानं पाठवली. लेक पुण्याला बँकेत आहे, तिथं म्हणे अशा ढिगानं येतात. सोबत चिठ्ठी, ‘बाबा, डोक्यातलं इथं लिहा, आईवर काढू नका.’ म्हणजे मी काय आईवर काढतो व्हय? पण कोरी डायरी वाया घालवायची आपल्याला सवय नाही, म्हणून लिहितो.

मी नानासाहेब औताडे. मुक्काम गारखेडा, नोकरी शेंद्र्याच्या कारखान्यात तपासणीवर. आमच्याकडं हृदयाच्या ऑपरेशनला लागणाऱ्या गाळण्या बनतात. हृदय थांबवून ऑपरेशन करतात तेव्हा तेवढा वेळ माणसाचं रक्त आणि श्वास मशीन सांभाळतं. मशीनमधून अंगात परत जाणाऱ्या रक्ताला एक गाळणी, बुडबुडा नाहीतर गुठळी अडवायला. आणि मशीनकडं जाणाऱ्या प्राणवायूला दुसरी, धूळ आणि जंतू अडवायला. मी या दुसरीवर. तिच्यात पांढरी पातळ चकती असते. ती वारा जाऊ देते, पाणी जाऊ देत नाही. पाण्याचा दाब देऊन बघायचं, पलीकडं थेंब उतरला की नापास. कारण चकतीनं ओल धरली की वारा कोंडतो, आणि वारा कोंडला की पुढं टेबलावर कुणाचं तरी माणूस असतं.

यंदा ते माणूस आमच्याच घरचं आहे. माझ्या बायकोची, द्वारकाची, हृदयाची झडप खराब निघाली. महिनाअखेरीला ऑपरेशन. तिचे पाय सुजतात, पोटऱ्या ओढतात, रात्रभर कण्हते बिचारी. या आठवड्यापासून सकाळी कंपनीची बस यायच्या आधी कोमट तिळाचं तेल चोळून देतो. लाजते. म्हणते, “अहो, कुणी बघंल ना.” म्हटलं बघू दे, मी काय चोरी करतोय काय. नंतर दोनदा साबणानं हात धुतो. आपल्या कामात हाताला वास पण चालत नाही.

कारखान्यात चकत्या बसवायला करमाडची निशा मगरे आहे. ठेकेदाराकडून आलेली. फेब्रुवारीत तिला कायम करायचं चाललंय, आणि त्याला माझा अभिप्राय लागतो. त्यांच्या घरात कायम नोकरीचं माणूस अजून झालेलं नाही म्हणे. कामाला चलाख आहे, खोटं का बोला. पण बाकीच्या पोरी मला काका म्हणतात, ही सर म्हणते. का म्हणते ते मला अजून उमगलेलं नाही.

गुरुवार, ९ जानेवारी

आज वायूच्या गाळण्यांची अख्खी रास नापास झाली. नमुन्याला काढलेल्या नगांतून थेंब उतरला. एकातून नाही, बऱ्याच नगांतून. इतकी वर्षं झाली, असं कधी बघितलं नाही. रक्ताच्या गाळण्या मात्र ठणठणीत. म्हणजे पाण्याचा दोष नाही, मशीनचा नाही. मग माणसाचा. माणसाचाच असतो.

शनिवार, ११ जानेवारी

पुन्हा नापास. चकत्यांचा नवा गठ्ठा फोडला तरी तेच. गठ्ठा बरा आहे, कारण न हाताळलेल्या कोऱ्या चकत्या मी मुद्दाम थेट गठ्ठ्यातून चिमट्यानं घालून बघितल्या, त्या पास. म्हणजे गठ्ठा फोडल्यापासून गाळणी बंद होईपर्यंत काहीतरी होतंय. एवढ्या वाटेत तीनच माणसं. निशा चकती चिमट्यानं साच्यात ठेवते. मी मधूनमधून एखादी उचलून दिव्यासमोर धरतो, डाग, छिद्र बघतो. गोकुळ मशीनवर झाकण जोडून टाकतो. गोकुळ आमच्या पाहुण्यांतला, पैठणकडचा. पोरगं देवमाणूस आहे. मग उरलं कोण, ते काय लिहायला पाहिजे का?

घाई करायची नाही. आधी डोळे उघडे ठेवायचे.

गुरुवार, १६ जानेवारी

संक्रांतीची हळदीकुंकवं सुरू झाली. मला वाटलं, सापडलं! हळदीतलं तेल, कुंकवातलं मेण, दुसरं काय असणार. चकतीला तेलकट बोट लागलं की तिथून पाणी उतरतं. सकाळी क्लीनरूमच्या दाराशी उभा राहिलो. एकेकीला म्हटलं, हात दाखवा. कुणाच्या नखात हळद, कुणाच्या कपाळाला मेण. सगळ्यांना परत पाठवलं, घासून या. एक म्हणाली, “काका, सणासुदीचं तरी सोडा की ओ!” म्हटलं, तुमच्या सणापायी कुणाचं कुंकू जायचं.

निशाचे हात बघितले. काहीच नाही. नखं कापलेली, तळवे कोरडे ठाक. ती हळदीकुंकवाला जात नाही म्हणाली. बाकीच्या सगळ्यांच्या हाताला काही ना काही आणि हिच्या हाताला काहीच नाही, हे जरा जास्तच झालं. एवढे साफ हात ज्याला कुणी बघणार आहे हे ठाऊक असतं त्याचेच असतात.

दुपारी रास पुन्हा नापास. म्हणजे हळद नाही.

शुक्रवार, १७ जानेवारी

आज दिवसभर तिच्यावर नजर ठेवली. दिव्याशी बसून चकत्या बघता बघता काचेतून तिचं टेबल दिसतं. ती चिमटा पुसते, ठेवते, पुन्हा पुसते. एवढ्या वेळा का पुसायचा? एकदा माझ्याकडंच टक लावून बघत होती. मी वर बघितलं तशी मान खाली घातली. चष्मा पण मेला सारखा नाकावरून घसरतो हल्ली, एक डोळा तिच्यावर ठेवायचा का चष्मा सावरायचा? नवा करायला पाहिजे, पण ऑपरेशन होऊ दे आधी.

सकाळी द्वारकाच्या पायाची सूज जास्त होती. आज तेल जास्त वेळ चोळलं. म्हणाली, “तुमच्या हाताला गुण आहे बघा.” बस चुकता चुकता राहिली.

मंगळवार, २१ जानेवारी

प्रणय सरांनी बोलावलं. गुणवत्तेचे साहेब, वय माझ्या जावयाएवढं, आवाज मात्र मालकाचा. गिऱ्हाईक कंपनीनं पत्र पाठवलंय, महिन्याच्या आत कारण कळवा, नाहीतर माल बंद. म्हणाले, “काका, इथं तुमच्याएवढा जुना माणूस नाही. तुम्ही सांगाल तेच मी लिहीन.”

मी म्हटलं, “मला थोडा शक आहे.”

“कुणावर?”

“अजून नाव घेत नाही.”

“लवकर घ्या,” म्हणाले.

बाहेर आल्यावर ठरवलं, आता अधूनमधून बघून भागणार नाही. उद्यापासून हरएक चकती माझ्या हाताखालून जाईल. चिमट्यानं धरली की चकती दुमडते, डाग नीट दिसत नाही, म्हणून मी हातमोजा घातलेल्या बोटांतच धरतो. दिव्यासमोर फिरवून दोन्ही अंगं बघायची, मगच पुढं. बघू कशी बदमाशी होते ते.

गुरुवार, २३ जानेवारी

कमाल झाली! आधी नमुन्यातले काही नापास व्हायचे, आता जवळजवळ सगळेच. मी कडक झालो तशी समोरच्यानं पण चाल वाढवली. याला काय म्हणायचं? हा निष्काळजीपणा नाही, ही जिरवाजिरवी आहे. कुणाला तरी नानासाहेब औताडेचं नाक कापायचंय.

जेवणाच्या सुट्टीत निशाला बाजूला घेतलं. म्हटलं, “पोरी, काय चाललंय ते आत्ताच सांग. मी सांभाळून घेईन.”

ती म्हणाली, “सर, माझं काम तुमच्यासमोरच असतं.”

“तेच बघतोय.”

“मग एक करा. माझे मोजे तपासायला पाठवा. चिमटा पाठवा. टेबल पाठवा. आणि सगळ्यांचंच पाठवा.”

“सगळ्यांचं म्हणजे? माझं पण?”

“सगळ्यांचं म्हणजे सगळ्यांचंच की, सर.”

बघा! आवाज चढवला नाही, डोळ्यात पाणी नाही. खऱ्या माणसाला राग येतो, रडू येतं. आमच्या गोकुळला नुसतं विचारलं होतं तर बिचारा घाम पुसायला लागला होता. ही उलट मलाच तपासायला निघाली. माझा संशय तिथंच पक्का झाला.

घरी आल्यावर द्वारकाला सगळं सांगितलं. म्हणाली, “तिचं कायम व्हायचं होतं ना पुढच्या महिन्यात? कायम होणारी बाई कशाला आपल्याच पायावर धोंडा मारून घेईल?” म्हटलं, तुला कारखान्यातलं राजकारण कळायचं नाही, तू गोळी घे.

शनिवार, २५ जानेवारी

अभिप्राय दिला. ‘चकत्या बसवणाऱ्या कामगाराचं वर्तन निष्काळजी आणि संशयास्पद आढळलं, कायम करण्याची शिफारस नाही.’ प्रणय सरांनी वाचलं आणि खुर्चीला टेकून सुस्कारा सोडला. मुदतीच्या आत कारण मिळालं ना. ठेकेदाराला फोन गेला आणि दुपारपर्यंत निशाचा गेटपास बंद.

जाताना ती माझ्याकडं आली नाही. लॉकरमधलं सामान पिशवीत भरलं, टोपी घडी करून बाकावर ठेवली. गेटवरच्या वॉचमननं तिची पिशवी उघडून बघितली, तसा साहेबांचा हुकूम होता. तेव्हा मात्र तिचा चेहरा उतरला. पोरी बघत होत्या सगळ्या. बसमध्ये माझ्या शेजारी कुणी बसलं नाही. न बसू दे. मी काय कुणाच्या घरी जेवायला जात नाही.

उद्यापासून रजा. सोमवारी द्वारकाला भरती करायचंय.

मंगळवार, २८ जानेवारी

दवाखाना. मोनिका आली. ऑपरेशन उद्या सकाळी.

मशीन चालवणाऱ्या ताई भेटायला आल्या, हसतमुख बाई. घरच्यांना सगळं समजावतात म्हणे. मी विचारलं, “वायूची गाळणी कुणाची लावता?” बाई चकितच झाल्या, म्हणाल्या, “काका, असा प्रश्न आजपर्यंत कुणीच विचारला नाही.” कारखान्याचं नाव सांगितलं. आमचाच! म्हटलं, बनवल्याची तारीख दाखवा. दाखवली. दिवाळीनंतरची, म्हणजे हा घोळ सुरू व्हायच्या बऱ्याच आधीची. तरी विचारलं, दुसऱ्या कंपनीची नाही का? त्या म्हणाल्या, “लावायच्या आधी आम्ही पण बघतो आणि जादाची जवळ ठेवतो. तुम्ही काळजी नका करू.” म्हणजे यांना पण भरवसा नाही, म्हणून जादाची ठेवतात. असं मी मोनिकाला म्हटलं तर तिनं कपाळावर हात मारला.

बुधवार, २९ जानेवारी

सकाळी आत नेली. आत जाताना म्हणाली, “घरी जाऊन काहीतरी खाऊन या, उपाशी राहू नका.” स्वतःचं हृदय थांबवायला निघालेली बाई आणि ही तिची चिंता.

लाल दिव्याखाली बसून होतो. डोक्यात नुसती गाळणी. इतकी वर्षं दिव्यासमोर चकत्या धरल्या, कधी कुणाचं तोंड डोळ्यापुढं आलं नाही. आज प्रत्येक चकतीत हिचंच तोंड. निशाच्या हातची एखादी चकती असती इथं तर, असा विचार आला. बरं झालं तिला काढली, असं दहा वेळा मनाशी म्हटलं.

दुपारनंतर डॉक्टर बाहेर आले. झालं, म्हणाले, हृदय आपलं आपण चालायला लागलं. मी भिंतीला धरून रडलो. मोनिकाला वाटलं काहीतरी वाईट झालं. रडायला येत होतं त्याला मी काय करू?

सोमवार, ३ फेब्रुवारी

गोकुळचा फोन. “काका, सगळा माल पास! एक थेंब नाही. सरांनी पेढे वाटले.” मग? मी काय सांगत होतो? निशा गेली आणि घोळ संपला. आता कुणी म्हणावं नानासाहेब उगाच शक घेतो म्हणून.

द्वारकाला सांगितलं. ती उशीला टेकून बसली होती. म्हणाली, “तपासायला कोण आहे तुमच्या जागी?”

“रक्ताच्या लाइनवरची करुणा बघते सध्या.”

“बरं,” म्हणाली आणि डोळे मिटले. अजून अशक्त आहे.

सोमवार, १७ फेब्रुवारी

आज कामावर रुजू झालो. हिला घरी आणून पण आता दिवस झाले. डॉक्टरांनी चालायला सांगितलंय, पण पोटऱ्या लगेच भरून येतात. सकाळी पुन्हा तेल सुरू केलं. छातीवरचे टाके बघवत नाहीत मला, म्हणून पायाकडंच बघत बसतो.

कारखान्यात स्वागत बरं झालं. प्रणय सरांनी हात मिळवला. पोरी मात्र काका म्हणायच्या बंद झाल्यात. आता सगळ्याच सर म्हणतात. निशानं जाता जाता कान भरलेले दिसतात.

मंगळवार, १८ फेब्रुवारी

नापास. निशा तर नाही. मग आता कोण?

गुरुवार, २० फेब्रुवारी

आजही नापास. डोकं फुटायची वेळ आली. चकती बसवायला नवी पोरगी, तिला धड चिमटा धरता येत नाही, ती काय कट करणार? करुणानं माझी जागा घेण्यासाठी काही करून ठेवलं का? का निशाच आतल्या कुणाकडून करवून घेते? गोकुळवर नजर ठेवली, पण मन घेत नाही.

घरी आलो तो चप्पल काढता काढता बोलतच होतो. करुणा अशी, निशा तशी. द्वारकानं ऐकून घेतलं. मग म्हणाली, “इथं बसा जरा. तुमचा चष्मा द्या.”

दिला. तिनं पदराच्या टोकानं काडी पुसली आणि पदर माझ्यापुढं धरला. पिवळट डाग. तिळाच्या तेलाचा वास.

“रोज सकाळी तेलाच्या हातानं चष्मा वर सारता,” ती म्हणाली. “हात धुता, चष्मा कधी धुता का? कारखान्यात जाताना घड्याळ काढता, अंगठी काढता. चष्मा काढता?”

“चष्मा काढला तर दिसंल कसं?”

“मग तिथं घसरला की कशानं वर करता?”

माझं बोट आपसूक नाकाकडं गेलं, चष्मा तिच्या हातात होता.

“मी अंथरुणावर पडून हिशेब लावत होते. जानेवारीत तेल सुरू केलं आणि तुमचा माल बिघडला. मी दवाखान्यात असताना तेल बंद, माल चांगला. आता पुन्हा तेच. तुम्ही तर एवढे शंकेखोर. दुधात पाणी आहे का म्हणून गवळ्याच्या किटलीत डोकावता. हे कसं दिसलं नाही तुम्हाला?”

मी ओरडलो. काय ओरडलो आठवत नाही. झडप बदलल्यापासून तुझं डोकं जास्त चालायला लागलं, असंच काहीतरी. ती रागावली नाही. जेवायला वाढायला मोनिकाला सांगितलं आणि मग हळूच विचारलं, “मालाला गोकुळचा पण हात लागत होता. त्याला नाही काढलं. त्या पोरीलाच का काढलं हो?”

मी उठून ताटावर जाऊन बसलो. याचं उत्तर इथंही लिहिता येत नाहीये.

शुक्रवार, २१ फेब्रुवारी

बाईचं म्हणणं खोटं पाडायचं म्हणून गेलो. तेल चोळून, चष्मा न धुता, रोजच्यासारखा. दुपारी चाचणीच्या खोलीत कुणी नसताना रद्दीतल्या दोन चकत्या घेतल्या. एक चिमट्यानं ठेवली. दुसरी धरायच्या आधी मोजा घातलेलं बोट चष्म्याला लावलं, जसं सगळे दिवस लावत आलो तसं. पाणी सोडलं, दाब दिला.

पहिली कोरडी. दुसरीतून थेंब आला.

पुन्हा केलं. पुन्हा आला. चष्मा साबणानं धुतला, नवे मोजे घातले, मग केलं. नाही आला. मग तिथल्या स्टुलावर बसलो. त्या आठवड्यात तर मी हरएक चकती धरली होती. मी जेवढा शक घेतला, तेवढा माल बिघडला. ती पोरगी म्हणाली होती सगळ्यांचे मोजे पाठवा. पाठवले असते तर दोन दिवसांत निकाल लागला असता. मीच पाठवले नाहीत.

सोमवार, २४ फेब्रुवारी

प्रणय सरांना सगळं सांगितलं. करून पण दाखवलं. थेंब बघून त्यांनी पाण्याचा दाब बंद केला. मला वाटलं आता शिव्या देतील. दिल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

दार लावून म्हणाले, “काका, हे आणखी कुणाला सांगितलंत?”

“बायकोला ठाऊक आहे. तिनंच शोधून काढलं.”

“मग तिथंच राहू द्या. गिऱ्हाइकाला आपण कळवलंय, कामगाराची चूक होती, कामगार काढला. फाईल बंद झाली. आता उघडली तर ते सगळा कारखाना तपासायला घेतील. तुमच्या निवृत्तीला किती राहिलं? नीट जाल ना, हारतुरे घेऊन. चष्मा धूत जा, चकती चिमट्यानं धरा, विषय संपला.”

“आणि ती पोरगी?”

“ठेक्यावरची होती ना ती?” ते म्हणाले. “तिला ठेकेदार दुसरीकडं कुठंतरी लावेल.”

खरं सांगायचं तर बाहेर आलो तेव्हा आधी हायसंच वाटलं. नाव वाचलं, कुणाला कळणार नाही. चहा पण प्यालो. मग बसमध्ये बसलो आणि करमाड फाट्याकडं जाणारा रस्ता दिसला. घरी येऊन ओकलो. द्वारकाला वाटलं बाहेरचं काही खाल्लं.

बुधवार, २६ फेब्रुवारी

शिवरात्रीची सुट्टी. कुठंच गेलो नाही. सकाळी तेलाची वाटी घेऊन बसलो तर द्वारका म्हणाली, “आज नको.” म्हटलं, तेलाचा काय दोष, चष्मा काढून ठेवलाय. ती रडायला लागली. “माझ्या पायांपायी त्या लेकराची भाकरी गेली,” म्हणाली. हेच ऐकायची मला भीती होती. म्हटलं, तुझ्या पायापायी नाही, माझ्या डोक्यापायी गेली. पण ती ऐकेना. मोनिकाच्या मागं लागून करुणाकडून निशाचा पत्ता मागवला आणि कागद माझ्या खिशात घातला. “मला बरी बघायची असंल तर जाऊन या,” एवढंच बोलली.

रविवार, २ मार्च

आज करमाडला गेलो. बसमधून उतरल्यावर मगऱ्यांचं घर विचारलं तर पानटपरीवाला म्हणाला, “चोरीत काढली ती पोरगी, तिचं?” गेटवर पिशवी तपासली होती, त्याचं इथं हे झालेलं. मी म्हटलं, चोरीत नाही काढली. तो खांदे उडवून पान लावायला लागला.

पत्र्याचं नीटनेटकं घर. भिंतीवर बाबासाहेबांची तसबीर, खाली निशाचं आयटीआयचं प्रमाणपत्र चौकटीत. तिची आई भामाबाई, तिनं ओळख ना पाळख पाणी आणून दिलं. मी नाव सांगितलं तसा तिचा हात थांबला. तरी चहा टाकला. निशा आतून आली, दाराशी उभी राहिली.

मी सगळं सांगितलं. तेल, चष्मा, चकती. रद्दीतल्या चकत्यांचं पण सांगितलं. शेवटी हात जोडले. “पोरी, तुझी काही चूक नव्हती. मला माफ कर.”

ती म्हणाली, “हे सांगायला आलात?”

“व्हय.”

“आईला आणि मला सांगून काय होतंय, सर? आई मला चोर म्हणली नव्हती. मी पण मला चोर म्हणत नव्हते.”

“प्रणय सरांना सांगितलं. ते फाईल उघडायला तयार नाहीत.”

“मग लिहून द्या.”

मी म्हटलं, लिहून दिलं तर माझी निवृत्ती, हारतुरे. पुढचं ऐकायला ती थांबली नाही. ती आत गेली आणि वहीचं पान आणि पेन घेऊन आली. पाट माझ्यापुढं सरकवला. मी चष्मा सावरला आणि लिहिलं, ‘वायूच्या गाळण्या नापास होण्यात निशा मगरे यांची चूक नव्हती.’ खाली सही केली.

तिनं वाचलं आणि पान परत माझ्यापुढं ठेवलं. “एवढं पुरं नाय. माझी चूक नव्हती, मग कुणाची होती ते लिहा.”

पेन हातात घेऊन बसलो. बाहेर कुणाची तरी कोंबडी आरडत होती. भामाबाई चुलीपाशी पाठमोरी बसली होती, पण तिचा कान इकडं होता. लिहिलं. चूक माझी होती, कशी झाली, कधीपासून कधीपर्यंत, पुरावा नसताना मी तिचं नाव घेतलं, आणि गोकुळचं घेतलं नाही ते पण लिहिलं. पूर्ण नाव, हुद्दा, तारीख.

“कुठं देणार हे?” मी विचारलं.

“जिथं जिथं माझं नाव गेलंय तिथं. साहेबाला, ठेकेदाराला, त्या गिऱ्हाइकाला.” मोबाइलवर तिनं पानाचा फोटो काढला. “पण आधी हितं. आईला वाचता येत नाय.”

ती उंबऱ्यात उभी राहिली आणि मोठ्यानं वाचायला लागली. शाळेत धडा वाचतात तसा सणसणीत आवाज. माझं नाव आलं तेव्हा थांबली नाही, चुकीपाशी पण थांबली नाही. भामाबाई तोंडावर पदर धरून ऐकत होती. शेजारपाजारच्या बाया दारात आल्या. वाचून झालं तेव्हा उशिरा आलेली एक म्हणाली, “काय गं, काय झालं?”

निशानं तिला जवळ बोलावलं आणि पुन्हा पहिल्यापासून वाचलं. मी तिथंच बसून होतो. उठावं असं वाटलं नाही.